फोर्कलिफ्टवरचे जास्तीचे एकशे पंधरा किलो

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर कोणी लिहिलं की 'खिडकीत पांढरी साडी हलताना दिसली', तर खाली 'वाळत घातलेली असेल' असं लिहिणारी ती मीच. मला इथल्या दोन जणांनी ब्लॉक केलंय, तेही माहितीये मला. मोहने गावात, कंपनीच्या कॉलनीत वाढले. घरात भिंतीवर बुद्धांची तसबीर, कपाटात पुस्तकं, आणि पप्पांचा एकच नियम — "आधी सिद्ध कर, मग घाबर." लहानपणी कॉलनीतल्या पिंपळाखाली सगळी पोरं पळत जायची, मी तिथे बसून गृहपाठ करायचे. तर अशी मी. आणि आता मीच लिहायला बसलेय... हसा, काय हसायचं ते.

मी डोंबिवली एमआयडीसीत, फेज टूमधल्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही. पाण्याचे मोठे पंप बनवतो आम्ही, त्याचे बिडाचे भाग येतात — एकेक भाग दोन माणसांना हलत नाही असा. ते ट्रकमधून उतरवायला एक डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट आहे, तीन टनी.

ज्यांनी फोर्कलिफ्ट जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी — ती म्हणजे बागेतला सी-सॉ समजा. पुढची चाकं म्हणजे मधला दांडा. एका बाजूला काट्यांवर उचललेला माल, दुसऱ्या बाजूला मागे ओतीव लोखंडाचा जाडजूड ठोकळा, मालाला तोलायला. माल तीन टनांच्या आत असला, आतपर्यंत चिकटवून घेतला, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवला आणि वळताना घाई केली नाही, की बाई शांत चालते. माल जास्त झाला किंवा काट्यांच्या टोकाला गेला की मागची चाकं उचलली जातात. आणि स्टिअरिंग असतं मागच्या चाकांना! म्हणजे मागचं उचललं की वळवणं पण गेलं, सगळंच गेलं.

हे मी दर महिन्याला ट्रेनिंगमध्ये सांगते. सगळे माना डोलावतात. आणि मग बाहेर जाऊन काय करतात? मागे माणूस उभा करतात.

हो. माल जड आहे ना, मग मागच्या ठोकळ्यावर एक माणूस चढवायचा. हलकं पडलं तर दोन. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, आणि तिच्यापायी किती जणांचे पाय गेलेत ते विचारू नका.

आमच्याकडे या कामाला दोन माणसं लागायचीच नाहीत. कारण आमच्याकडे म्हात्रेमामा होते.

मोरेश्वर म्हात्रे. ठाकुर्लीचे, चोळेगावातले जुने आगरी. वजन एकशे पंधरा किलो. कागदावर हेल्पर. प्रत्यक्षात तीस वर्षं त्यांनी फोर्कलिफ्टच्या पाठीवर काढलेली. मी दोन वर्षांपूर्वी जॉइन झाले, तेव्हा पहिल्याच सकाळी हे दृश्य — पुढे पंपांच्या भागांचा डोंगर, मध्ये ऑपरेटर विनायक, आणि मागे मामा. एका हाताने वरची जाळी धरलेली, दुसऱ्या हातात चहाचा कप! फोर्कलिफ्ट खड्ड्यातून गेली तरी चहा सांडला नाही. विनायक नुसता "मामा, डावीकडे" म्हणायचा आणि मामा पोट डावीकडे न्यायचे.

माझं डोकंच फिरलं. "खाली उतरा! आत्ताच्या आत्ता!"

"अवो मॅडम, मी उतारलो तर ही पुढे पडंल ना," मामा म्हणाले. अगदी प्रेमाने.

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर बोलले — "तुमचं काम काय आहे इथे? नुसतं वजन! तुमच्या जागी लोखंडाचा तुकडा ठेवला तरी चालेल!"

खरं तर तेही चालत नाही, जास्तीचं लोखंड लावणंही बेकायदेशीरच आहे. पण बोलून गेले. मामा हळूच उतरले. कप ठोकळ्याच्या काठावर ठेवला. "बरं मॅडम," म्हणाले, आणि स्टोअरमध्ये जाऊन बसले ते बसलेच. चार महिन्यांनी रिटायर झाले. शेवटच्या दिवशी रजा टाकली, त्यामुळे शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द नाहीत, काही नाही. मी बरोबर होते. नियमाने शंभर टक्के बरोबर होते. तरी तो कप बरेच दिवस डोळ्यांसमोरून जाईना.

आता खरी गोष्ट.

मामा गेल्यावर माझी अपेक्षा अशी, की आता तरी हे लोक माल कमी भरतील. पण एकदा शॉपमध्ये गेले तर विनायक तोच डोंगर उचलून चाललाय. मागे कोणी नाही. मागची चाकं जमिनीला घट्ट. मी अडवलं, चलान बघितलं — तीन टन तीनशे!

"विनायक, मागे काय बांधलंयस?"

"आईशपथ काही नाही मॅडम. तीच ऐकते आजकाल."

मी वाकून बघितलं, खालून बघितलं, ठोकळ्यावर टकटक केलं. काही नाही. केळकर साहेब, आमचे प्लांट मॅनेजर, तिथेच उभे होते. "पडत नाहीये ना? मग झालं तर," म्हणाले. मी त्यांना सी-सॉ पुन्हा समजावला आणि त्या दिवसापासून पॅलेटवरचा माल निम्मा करायला लावला. फेऱ्या दुप्पट झाल्या. सगळ्यांनी शिव्या घातल्या, घालू देत.

पण डोक्यातून जाईना. शेवटी मी रिकामी फोर्कलिफ्ट गेटवरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर घ्यायला लावली. विनायकला उतरवलं. प्लेटवर लिहिलेलं वजन चार हजार तीनशे वीस. काट्यावर आलं चार हजार चारशे पस्तीस.

वजाबाकी करा. मी कॅल्क्युलेटरवर केली, कारण तोंडी केलेली पटेना.

"मॅडम," विनायक कुजबुजला, "मामा आहेत."

"मामा ठाकुर्लीला आहेत. जिवंत आहेत. मूर्खासारखं बोलू नकोस."

"मामा तिकडेच आहेत हो. वजन इकडे आहे!"

मी त्याला ट्रेनिंगला परत बसवायची धमकी दिली. पण पुढचे आठ दिवस रोज चार-पाच वेळा काट्यावर घेतली. सकाळी आठचा भोंगा होईपर्यंत बरोबर चार हजार तीनशे वीस. भोंगा वाजला की एकशे पंधरा जास्त. साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत गायब! एकला परत हजर. चहाच्या दहा मिनिटांत गायब. पाचला भोंगा वाजला की गेलं. आमच्या निम्म्या स्टाफला ही शिस्त नाही.

काटा दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वजनं ठेवून ठेवून तपासलं आणि "काटा टकाटक आहे मॅडम" म्हणून सही करून गेला.

मग मी एक प्रयोग केला. फोर्कलिफ्ट काट्यावर ठेवली, समोर उभी राहिले आणि मामांना फोन लावला. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा.

"म्हात्रेमामा, मी सेफ्टीची मॅडम... कसे आहात?"

"अरे व्वा, मॅडम! थांबा, झोपाल्यावर बसतो जरा निवांत."

पलीकडे कड्यांचा कुर्रर्र आवाज आला. आणि काट्याचा आकडा... पाच-पाच किलोनेच हलतो तो... वर गेला, खाली आला. वर, खाली. पस्तीस, चाळीस, पस्तीस, तीस. झोक्यासारखा.

पप्पा, सिद्ध झालं. आता घाबरू का?

आमची सुट्टी शुक्रवारी. त्या शुक्रवारी मी ठाकुर्लीला मामांच्या घरी गेले. मामा पाय लांब करून बसलेले, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. मामींनी आधी जेवायला वाढलं — मासे, तांदळाची भाकरी, नको म्हणायची सोयच नाही — आणि मग गाऱ्हाणं सुरू केलं.

"यांचं काय कलतच नाय बाय. कामाच्या दिवशी सकाली आठ वाजल्यापासून हे घरात फिरतात तर पायाचा आवाज नाय येत. माडी चढतात, नारल पाडतात. पाच वाजले का धप्पकन बसतात, आई गं आई गं! शुक्रवारी मात्र दिवसभर आई गं."

"डाक्टर बोलला, गुडघा बदलाला लागंल," मामा म्हणाले. "पन आधी वजन शंभरच्या खाली आना बोलला. वजन करायला सकाली अकराला गेलो, तर काटा शून्य! त्याने सेल बदलला, मग काटाच बदलला. शून्य! बोलला, संध्याकाली या. संध्याकाली एकशे पंधरा."

मी पाणी प्यायले.

"मना ऑपरेशनचं काय नाय हो मॅडम," मामा पुढे म्हणाले, आणि आवाज जरा उतरला. "एकुलती एक पोरगी. येत्या मंगलवारी हलद हाय. आमच्यात बाप हलदीला नाचला नाय तर काय हलद ती? पोर लहान होती तवापासून बोललोय तिला, तुज्या हलदीला मी सगल्यांच्या पुढे नाचनार. आता हलद तर सात वाजता. आनी माझा पाय पाचला संपतो."

हे ते हसत बोलले. मामी उठून आत गेल्या.

मला त्या वेळी त्यांची माफी मागायची होती. त्याऐवजी मी म्हणाले, "भाकरी छान झालीये." जळलं माझं तोंड, नको तेव्हा चालतं आणि हवं तेव्हा बंद.

शनिवारी विनायकला बाजूला घेतलं. मला वाटलं मी त्याला पटवेन, पण त्याचा प्लॅन तयारच होता. "सिंपल आहे मॅडम. मंगळवारी पाचचा भोंगा वाजवायचाच नाही. भोंगा नाही तर सुट्टी नाही. सुट्टी नाही तर वजन इकडेच. मामा तिकडे पिसासारखे! मी हळदीला जातो, तुम्ही इथे काटा बघा."

"हे काय शास्त्र आहे?"

"शास्त्र तुम्हीच बघा. मी नाचायला चाललोय."

केळकर साहेबांकडे परवानगी मागायला गेले. आधीच्या कंपन्या धरून बावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी खोटं बोललेले नाही. "सर, मंगळवारी संध्याकाळी फोर्कलिफ्टची स्थिरता चाचणी घ्यायचीये. पाच ते नऊ. भोंगा बंद ठेवावा लागेल... कंपनं येतात त्याने."

"तुम्ही म्हणताय म्हणजे आवश्यकच असणार," साहेब म्हणाले. "आपली निष्ठा वाखाणण्यासारखी आहे." माझे कान गरम झाले.

मंगळवार उजाडला. विनायक दुपारीच फोर्कलिफ्ट काट्यावर लावून हळदीला गेला. पावणेपाचला मी काट्याच्या केबिनमध्ये, समोर आकडा — चार हजार चारशे पस्तीस. भोंग्याचं बटण बंद. लोक घड्याळं बघून बघून आपापले निघाले. चार एकोणसाठ. पाच वाजले. भोंगा वाजला नाही.

आणि आकडा खटकन चार हजार तीनशे वीसवर आला.

गेलं! तीस वर्षांची सवय, त्यांना भोंग्याची गरज नव्हतीच. मिनिटभरात विनायकचा फोन. "मॅडम, मामा बसले! मांडवात खुर्चीवर बसले, उठत नाहीयेत. काय केलंत?"

"मी काय करणार? ते गेले ना सुट्टी करून!"

"थांबवा ना मग!"

"कसं थांबवू? हात धरू? कुठला हात धरू?"

सहा वाजले. साडेसहा. मी फोर्कलिफ्टभोवती फिरत होते. शेवटी ऑफिसर असून एका ठोकळ्यापुढे हात जोडले — "मामा, थांबा ना हो थोडं." काही नाही. विनायकने फोन चालूच ठेवला होता; त्यातून मांडवातली बेंजो पार्टी वाद्यं जुळवताना ऐकू यायला लागली, आणि विनायक एकदम ओरडला, "अरे यार! मॅडम, ओटीची स्लिप! स्लिप फाडलीत का? मामा स्लिपशिवाय ओव्हरटाइमला कधी थांबायचेच नाहीत. आधी कागद, मग पाय, असं बोलायचे!"

धावत ऑफिसात. ड्रॉवरमधून ओव्हरटाइमचं पुस्तक काढलं, धावत परत. केबिनच्या दिव्याखाली लिहिलं. नाव — मोरेश्वर म्हात्रे. वेळ — पाच ते नऊ. कामाचे स्वरूप — हेल्पर. खाली सही. स्लिप फाडून फोर्कलिफ्टच्या ठोकळ्यावर ठेवली आणि आकड्याकडे बघितलं.

चार हजार तीनशे वीस.

सात वाजायला दहा मिनिटं. फोनवर कोणीतरी म्हणत होतं, "पोरीला आना बाहेर." मी स्लिप परत हातात घेतली. 'हेल्पर'. तीस वर्षं प्रत्येक कागदावर हेच लिहिलेलं असणार. आणि जे काम तो माणूस रोज करत होता ते कुठल्याच कागदावर नव्हतं. कसं असेल? ते काम असूच नये म्हणून तर माझी नेमणूक आहे. मी ते काम बंद केलं, आणि वर त्याला लोखंडाचा तुकडा म्हणाले.

मला रडू आलं, खरंच सांगते. त्या केबिनमध्ये उभी राहून नाक ओढत मी ती स्लिप टराटरा फाडली आणि दुसरी लिहिली.

नाव — श्री. मोरेश्वर म्हात्रे. कामाचे स्वरूप — फोर्कलिफ्टचा तोल सांभाळणे. मंजूर करणार — सेफ्टी ऑफिसर. सही, आणि शिक्का पण मारला.

स्लिप ठोकळ्यावर ठेवली तशी मागची दोन्ही चाकं चर्रर्र करून दबली. मी डोळ्यांनी बघितलं. आकडा — चार हजार चारशे पस्तीस.

फोनमध्ये एकच गलका उठला. विनायक बोंबलत होता, "उठले! मॅडम, उठले! पोरीचा हात धरलाय! आयला, उडी मारली!" मागून बेंजो सुरू झाला, ढोलकी, शिट्ट्या, आणि मामींचा आवाज, "अवो जरा हलू, अवो!" आणि इकडे माझ्यासमोर फोर्कलिफ्ट नाचत होती. खोटं नाही सांगत. टायर त्या ठेक्यावर दबत होते, सुटत होते, काट्याचा पत्रा धाड-धाड वाजत होता, आकड्याला श्वास घ्यायला सवड नव्हती. तोल तर असा, की एकदाही कुठल्या बाजूला कलली नाही. मी तिथे एकटी, एका हातात फोन, आणि सेफ्टी शूज घालून... ठेका धरलेला. हे मी नवऱ्याला पण सांगितलेलं नाही.

नऊ वाजता मी फोनवर म्हणाले, "विनायक, मामांना खुर्ची दे. ड्युटी संपतेय." मग ठोकळ्यावर हात ठेवला. जे चोळेगावात जेवताना बोलायचं होतं ते बोलले. म्हणाले, "मामा, त्या दिवशी चुकले मी. लोखंडाच्या तुकड्याला नसतं जमलं हे." आणि भोंग्याचं बटण दाबलं.

आकडा हळूच खाली आला. चार हजार तीनशे वीस. पलीकडे काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आणि मोठा हशा. प्लॅस्टिकची खुर्ची होती म्हणे. चारी पाय चार दिशांना.

त्यानंतर ते जास्तीचं वजन कधीच आलं नाही. सहा महिने मी रोज तपासलं. मामांना दिवसाही गुडघा दुखायला लागला, मग त्यांनी वैतागून भाकरी कमी केली, अठ्ठ्याण्णववर आले आणि ऑपरेशन झालं. आता काठी टाकून चालतात. पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काटा तपासून घेतला होता का?" मी सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि टीव्ही लावला.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. मला विचारू नका. आणि 'स्प्रिंग असेल', 'केबल लूज असेल' असं खाली लिहू नका, ते सगळं मीच तुमच्याआधी लिहिलं असतं.

ऑपरेशननंतर मामांना भेटायला गेलेले. उशीर का होईना, शाल आणि नारळ घेऊन. भिंतीवर पोरीच्या लग्नाचा फोटो आहे, आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या फ्रेममध्ये, काचेखाली ती ओव्हरटाइमची स्लिप. विनायकने नेऊन दिली होती. ती एखाद्या ऑडिटरच्या नजरेस पडली तर माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, "मामा, काढा हो ती, माझी सही आहे त्यावर."

"नाय काढनार," मामा म्हणाले. "पाव्हना आला का वाचून दाखवतो. मी कंपनीत काय करायचो, ते आता लिवलेलं हाय."